झाकलेला आकडा

आत्यानं जन्मभर नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे दुसऱ्यांदा विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. विश्व पसरतंय, पण वर फेकलेल्या चेंडूसारखा त्याचा वेग कमी होत जाणार, असं ती पोरांना सांगायची. मग बातमी आली. दूरच्या फुटलेल्या ताऱ्यांचा उजेड हिशेबापेक्षा मंद दिसत होता. म्हणजे ते जास्त लांब गेले होते, म्हणजेच पसरण्याचा वेग उलट वाढत होता. आत्या वर्गात आली आणि म्हणाली, "मी शिकवलं ते खोडा." मी त्याच वर्गात होते. वेग वाढवणाऱ्या त्या गोष्टीला कृष्ण ऊर्जा म्हणतात आणि ती काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, हे ऐकून मला इतका आनंद झाला की पुढचं सगळं शिक्षण त्यातच गेलं.

आता मी अमरावतीत कॉलेजात शिकवते आणि देशोदेशीच्या लोकांबरोबर तसलेच तारे मोजते. कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच राहते की ओसरत जाते, हा आमचा प्रश्न. विश्वाचा शेवट कसा होणार, ते बरंचसं त्यावर आहे.

निवृत्त झाल्यावर आत्या अकोल्याला माझ्या आईजवळ राहायला आली. तिथंच तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. मी रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून जायचे. चपला काढायच्या आत प्रश्न यायचा.

"निंगालं का उत्तर?"

"नाही."

"काहून? मोजून त झालं म्हणत होती."

मग मी आमची रीत सांगितली. संगणक आमच्या आकड्यांत आधीच एक गुप्त फरक मिसळून ठेवतो. मोजायची पद्धत बिनचूक आहे असं सगळ्यांनी मान्य केलं, की मगच तो फरक काढायचा आणि खरं उत्तर पाहायचं. कारण मनासारखं उत्तर दिसलं की माणूस चुका शोधायचं सोडून देतो.

"बेस आहे," आत्या खूश झाली. "माही पोरं पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहूनच गणित जुळवत होती."

पण सगळ्यांचं मान्य व्हायला वेळ लागत होता. कुणाला एक शंका, कुणाला दुसरी. मला त्या शंकेखोरांचा भयंकर राग यायचा, कारण आत्या दर रविवारी थोडी आणखी बारीक झालेली असायची.

एकदा आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काहीतरी सांगून टाक न तिले. ते काय तपासाले येऊन राहिली?"

खोटं सांगायची गरजही नव्हती. फरक काढायची सोय माझ्याकडं होती, एक ओळ टाइप केली की झालं. हात शिवशिवत होते. मी बाहेर येऊन आत्याच्या पलंगावर बसले. तिनं सगळं ऐकलं होतं. कान शेवटपर्यंत शाळामास्तरणीचेच राहिले.

"तुले तो आकडा उघडता येते?"

"येतं."

"आन् आत्ता तुमच्यातल्या कोणाले ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"मंग उघडू नोको." तिनं माझा हात धरून ठेवला. "इथं पडल्यापासून सारे पुढं चालले, मीच मांगं राहून राहिली असं वाटे. पण याच्यात त मी तुमच्या बरोबरच आहे न. जेवढं तुले ठाऊक, तेवढंच मले."

मला रडू आवरलं नाही. ती म्हणाली, "आता चहा ठेव."

उन्हाळ्यात आत्या गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी आमचं एकमत झालं. अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या खोलीत, संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर सगळे जमले. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न चालले होते. कुणीतरी ती ओळ टाइप केली आणि आकडा समोर आला. कृष्ण ऊर्जा किंचित ओसरत असावी असं तो म्हणत होता, पण खात्री द्यावी इतकं ठामपणे नाही. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते.

मी वाजवल्या नाहीत. आत्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आता मला ठाऊक झालं होतं.