एक क्वार्टर, एक चूल

माझ्या घरचं पाणी माझी आई पहिल्यांदा प्यायली ती एका साहेबाच्या देखत, त्यानं फर्मावलं म्हणून. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. आता मीही हसते. पण त्या दिवशी आमच्या ओट्यावर कुणाला हसू फुटलं नव्हतं, आणि त्या साहेबाचा राग माझ्या डोक्यातून पुढं कितीतरी वर्षं गेला नाही. खोटं कशाला बोलू, अजून पुरता गेलेला नाही.

स्वराज्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. माझं माहेर सुप्याचं, सासर बारामतीजवळचं कन्हेरी, आणि आमच्या ह्यांची नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात, फिटरची. लग्न झालं आणि पुढची दोन वर्षं मी कन्हेरीत जाऊबाईंबरोबर वांगी-मिरच्या तोडत होते, आणि हे तिकडं एका खोलीत सहा जण मिळून राहत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे महिन्यातून एकदा यायचे. आले की सगळ्यांचं बघायचे, माझ्याकडं बघायला वेळ उरायचा नाही. लग्न झालंय की नाही असा मलाच कधी कधी संशय यायचा!

मग हे कायम झाले आणि आम्हाला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि हातभर अंगण. भोंगा वाजला की भिंतीवरची फळी थरथरायची. सीझनमध्ये धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या लुगड्यावर पडायची, मळीचा वास तर भाकरीलासुद्धा यायचा. मला त्याचं काही नव्हतं. नवरा जेवायला घरी येतोय, आणखी काय पाहिजे?

आमच्या लाइनीत म्हातारं माणूस औषधालासुद्धा नव्हतं. सगळी विशी-पंचविशीची जोडपी, कुणी नगरकडची, कुणी कोकणातली, कुणी पार वऱ्हाडातून आलेली. दर दोन घरांआड पाळणा. पोराचं पोट दुखलं तर विचारायचं कुणाला, तर शेजारणीला, आणि ती बिचारी एकोणीस वर्षांची! सीझनपुरती लागलेली माणसं कॅनॉलच्या पलीकडं पाचटाच्या खोपीत राहायची. क्वार्टर फक्त कायमवाल्यांना, आणि त्यातही बायको घेऊन राहणाऱ्यांना. नंबर लावून बसलेले कितीतरी. एकाचं क्वार्टर गेलं की दुसरा संध्याकाळी बिऱ्हाड घेऊन हजर.

वसाहतीच्या कचेरीबाहेर नियमांची पाटी होती. मला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली मी. कुटुंब महिन्यावर बाहेर राहिलं तर क्वार्टर काढून घेतलं जाईल. पोटभाडेकरू ठेवू नये. एका क्वार्टरात एकच चूल. नियमही काही उगाच नव्हते म्हणा. आधी कितीएक जण क्वार्टर घ्यायचे, बायको गावाकडं ठेवायचे आणि इथं पुढच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड घालायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ही माझी मावशी.

क्वार्टर मिळालं आणि तीन महिन्यांत मला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात जायचं आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की यायचं. म्हणजे चार महिने. आणि पाटीवर लिहिलेलं, एक महिना. मी गेले तर क्वार्टर जाणार, हे परत सहा जणांच्या खोलीत, आणि मी पोर काखेला मारून परत कन्हेरीच्या वांग्यांत. मी ह्यांना सांगून टाकलं, "मी हितनं हलणार न्हाय. बाळंतपण हितंच."

"आणि करणार कोण?"

"आईला बोलवा."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला वेडच लागलंय. कारण दुसरीही एक रीत होती, आणि ती आमच्या सुप्याकडं फार कडक. लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. घेतलं तर दोष लेकीच्या कुशीला लागतो. माझे वडील, तात्या, क्वार्टर बघायला एकदा वैशाखात आले होते. दुपारभर ओट्यावर बसले, भिंतीला हात लावून बघितला, "पक्की हाय" म्हणाले आणि तसेच तहानलेले येष्टीनं परत गेले. मी आतमध्ये तांब्या धरून उभी होते आणि देता येत नव्हता. तात्यांचा स्वभाव जमदग्नीचा. तोच माझ्यात उतरलाय असं सगळे म्हणतात.

पण आई आली. पीठ, डाळ, तिखट, मीठ, तवा, घागर, सगळं बरोबर घेऊन आली! मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि आपली चूल घातली. पाण्याचा प्रश्न तिनं स्वतःच सोडवला. "नळ लाइनीच्या टोकाला हाय. कारखान्याचा हाय. जावयाचा न्हाय." झालं! माझं सगळं ती करायची, अंग रगडायची, माझी भाकरी माझ्या चुलीवर थापायची, आणि मग मागं जाऊन आपली एक भाकरी आपल्या चुलीवर भाजून एकटी खायची. मला घास गोड लागायचा नाही. मी चिडायचे. ती म्हणायची, "गप. महिन्याचा परश्न हाय. नातवाचं तोंड बघितलं की तुज्या हातची पुरणपोळी खाते का न्हाय बघ."

नववा लागला आणि माशी शिंकली.

वसाहतीचा पहारेकरी फिरत फिरत मागच्या बाजूनं आला आणि त्याला धूर दिसला. त्यानं आईला विचारलं, "बाई, हितंच राहता काय?" आई म्हणाली, "व्हय." "जेवण हितंच?" इथं आईचा बाणा जागा झाला. ती ताठ मानेनं म्हणाली, "ह्या घरातलं शीतसुद्धा शिवत न्हाय मी. माझी चूल निराळी हाय." पहारेकरी मान हलवून निघून गेला. आईनं मला मोठ्या अभिमानानं हे सांगितलं. मी पाटी वाचलेली होती, तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पाळीवरून आले आणि त्यांच्या पाठोपाठ वसाहतीचा साहेब. पुण्याकडचा, पांढरी शर्ट-पँट, काखेत वही. त्यानं आतली चूल बघितली. मागं जाऊन आईची बघितली. आईची ट्रंक बघितली, तिला कुलूप होतं.

"पोटभाडेकरू," तो म्हणाला. "आठ दिवसांत खोल्या मोकळ्या करा."

"साहेब, सासू हाय माझी," हे म्हणाले. "बायकोच्या बाळंतपणाला आलीय."

"इथं सगळ्यांच्याच सासवा असतात, मावश्या असतात. आणि सख्खी आई लेकीच्या घरात राहते आणि वेगळी रांधते? मला शिकवू नका."

ह्यांनी रीत समजावून सांगितली. हात जोडले. माझ्या नवऱ्यानं हात जोडलेले मी तेवढेच बघितले, आणि मला साहेबापेक्षा ह्यांचाच राग आला. साहेब म्हणाला, "रीत असेल. पण नियमात रीत नाही. मी आज तुमचं ऐकलं तर उद्या लाइनीतली सगळी घरं दोन-दोन चुली मांडतील. एक क्वार्टर, एक चूल. ती चूल आत्ता विझवा, बाईंना तुमच्यात जेवू द्या, मी वहीत कुटुंब म्हणून लिहितो. नाहीतर इथं सही करा."

त्यानं वही उघडून ओट्यावर ठेवली.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत गेली आणि पातळं गुंडाळायला लागली. "मी जाते," म्हणाली. "मी गेले की चूल गेली. तुमचं घर ऱ्हाईल."

"आणि मी? मला काय ही वही बाळंत करणार हाय?" मी ओरडले. लाइनीतल्या बायका दारांत आल्या. माझे पाय सुजलेले, पोट पुढं आलेलं, आणि मी साहेबाच्या देखत आईच्या हातातलं पातळ ओढत होते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला खरी भीती वाटत होती, दोन्हीकडनं. आई गेली तर मी एकटी. आई राहिली तर घर जाणार. आणि तिसरा रस्ता, तो तर तोंडातून काढायचीही चोरी. पोटातलं पोर होतं ना मध्ये.

आईनं माझ्या पोटाकडं बघितलं. किती वेळ बघितलं देव जाणे. मग पातळ सोडून दिलं, मागं गेली, आणि स्वतःच्या घागरीतलं पाणी स्वतःच्या चुलीवर ओतलं. चर्र झालं, राख उडाली. परत आली ती पुढच्या खोलीत मधोमध बसली.

"पाणी दे," म्हणाली.

तेवढ्यात ह्यांना सुचलं. हे खाली वाकून हळूच म्हणाले, "मामी, तुमी म्हणता ना नळ कारखान्याचा. मग घर बी कारखान्याचंच हाय की. माझं कुठं हाय? दोष न्हाय लागायचा." मला वाटलं, सुटलो! इतकी सोपी गोष्ट, आणि कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

आईनं मान हलवली. "न्हाय जावईबापू. देवाला फसवायचं न्हाय. माज्या लेकीचंच घर हाय हे. लेकीचं हाय म्हणून तर पिते."

मी तांब्या दिला. तिनं तो आधी कपाळाला लावला, आणि प्यायली. साहेबानं नजर वळवली होती. त्यानं वहीत काहीतरी खरडलं, वही मिटली आणि "येतो" म्हणून गेला. घर राहिलं. पण आम्हा तिघांपैकी एकालाही घर राहिल्याचा आनंद झाला नाही. आई रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ती एवढंच म्हणाली, "सुप्याला ह्यास्नी कळवा. चोरून न्हाय ठेवायचं." माझ्या नवऱ्यानं तात्यांना कार्ड टाकलं.

मग सुरू झालं ते खरं जिवाला घोर लावणारं. पोर पोटात फिरलं नाही की आईचा चेहरा उतरायचा, फार फिरलं तरी उतरायचा. माझ्या पोटात कळ आली की ती देवळाच्या दिशेला हात जोडायची. मी तिला बोलायचे, "आये, काय व्हत न्हाय, उगं मनाला लावून घेऊ नकोस." आणि न्हाणीत जाऊन मीच हात जोडायचे. त्यात तात्या येणार ही भीती. तात्या आईवर हात उचलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण ते तिच्याशी बोलणं टाकतील, जन्मभराचं टाकतील, याची मला खात्री होती. पूर्वी एकदा भावाशी टाकलं होतं, ते भाऊ मरेपर्यंत.

पाचव्या दिवशी तात्या आले. येष्टीतून उतरून उन्हातून चालत आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. ओट्यावर चढले नाहीत. खालीच उभे राहून आईला विचारलं, "पिलीस?"

"व्हय."

"समजून-उमजून?"

"व्हय."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मग तात्यांनी चपला काढल्या, पायऱ्या चढले, आत आले आणि आई त्या दिवशी बसली होती तिथंच बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, पाणी आण."

आई धावत पुढं आली, "अवो, तुमी कशाला—"

"गप बस. काय व्हायचं ते दोघांच्या माथी व्हईल. तू एकटीच का?"

एका दमात तांब्या रिकामा केला. मिशा पुसल्या. "भाकरी बी आण," म्हणाले. तेव्हा कुठं आई रडली, पदर तोंडात कोंबून, भिंतीकडं तोंड करून.

तात्या परत गेले नाहीत. शेतात पीक उभं होतं, तरी राहिले. पुढचे बारा दिवस दोघं माझ्या चुलीवरचं जेवले आणि एकदाही कुणी पोटभर जेवलं नाही. मी ताटात दुसरी भाकरी टाकायची, ती न शिवता तशीच राहायची. आग्रह मला करवायचा नाही. त्यांना काय होतंय ते मला कळत होतं, त्यांना माझं कळत होतं, आणि बोलायचं मात्र आम्ही तिघं उसाच्या भावाबद्दल.

तेराव्या दिवशी दुपारी पाळीचा भोंगा वाजत होता आणि मी बाळंत झाले. आई होती, दवाखान्यातली नर्सबाई होती. भोंग्याच्या आवाजात पोर रडलं की नाही ते बाहेर ऐकूच जाईना. हे आणि तात्या ओट्यावर. भोंगा थांबला आणि मग ऐकू आलं. मुलगी होती, आणि असली खणखणीत रडत होती!

नर्सबाई सांगायला दाराशी गेली. तात्यांनी मुलगा की मुलगी ते विचारलं नाही. बाहेरूनच मोठ्यानं आईला हाक मारली, "अगं ए, सकाळच्या भाकरी किती ऱ्हायल्यात?"