पाण्याखालचं दार

धुरपताबाईंकडून गोष्ट ऐकायची तर दिवस मावळायची वाट बघावी लागते. सिद्धेश्वर धरणाजवळ माझ्या अक्काचं सासर आहे, तिथल्या शाळेत त्या बावीस वर्षांपासून खिचडी शिजवतात. जेवताना पोरं हट्ट धरतात, "बाई, गोष्ट!" बाईंचं उत्तर ठरलेलं.

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. तुमचे मामे काय मी हुडकत फिरू?"

एकदा एक पोरगं म्हणालं, "बाई, मला मामाच न्हाई." बाई म्हणाल्या, "मंग तुला सांगते, बाकीच्यायनी कान झाका." कान कुणी झाकले नाहीत आणि गोष्टही झाली नाही.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर मात्र त्या मोकळ्या असत. अट एकच, हुंकार पाहिजे. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं की बाई थांबल्या. "हुंकार म्हंजे गोष्टीचे पाय," त्या म्हणत. "तुमी गप्प बसले तर ती चालंल कशी?"

आणि बाई मोजत. एकतीस पोरं, एकतीस ताटं. एक जरी कमी दिसलं तरी पातेल्याचं झाकण निघायचं नाही. एकदा एक पठ्ठ्या कपाटामागं झोपला होता, तर तो सापडेपर्यंत सगळी शाळा उपाशी बसली होती, गुरुजींसकट.

माझं आखाडा बाळापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे अक्काच्या गावात मला शास्त्रज्ञ समजतात. गावच्या सुनेचा भाऊ म्हणून सगळ्यांचाच मामा, धुरपताबाईंचाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी भाड्याचा प्रोजेक्टर नेला आणि पोरांना परीकथेचा एक कार्टून सिनेमा दाखवला. पाण्याखाली राजवाडा, त्यात भुतानं कैद केलेल्या दोन बहिणी. पळताना धाकटी म्हणते, "मी दार धरते, तू जा." थोरली वर येते, राजपुत्र भेटतो, लग्न लागतं, मासेसुद्धा नाचतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

वायर गुंडाळताना मी विचारलं, "काय बाई, कसा वाटला?"

"पाणी बराबर काढलंय," बाई म्हणाल्या. "वरून हासतं, खालून धरतं. आन् ते भूत गप्प उभं राहतं, तवा खरं भ्या वाटतं. पण गाणी लई. रडू यायच्या टायमाला माणूस गात असतो का?"

"आणखी?"

"धाकटी कुठंय?"

मला आठवेना. "बाई, सिनेमा आहे. संपला."

"त्यायचा संपला. ती दार धरूनच हाय." बाईंनी पदर खोचला. "पंगत उठली आन् एक ताट तसंच. असं कोण वाढतं, मामा?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही पेपरात लिहा, सिनेमावाले सुधरतील." बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या भाचीकडं बघत होत्या. मंजुषा, दुसरीतली, अजून पांढऱ्या पडद्यासमोरच बसून होती.

सोमवारी साडेदहाला बाईंचा फोन आला. "मामा, मंजुषानं वर्गाचं दार धरलंय. सकाळपसून. सोडून न्हाई राहिली."

"धरू द्या, दमली की सोडेल."

"पाणी पीत न्हाई. अक्कानं ओढलं, गुरुजीनं ओढलं. बोटं सुटून न्हाई राहिली. म्हणते, मी सोडलं तर तिच्यावर पाणी यील." मग आवाज खाली आला. "हात वले हायेत तिचे. दिसभर पाण्यात राहिल्यावानी सुरकुतलेत."

गावात तेव्हा टँकर येत होता. मी दुकान तसंच टाकून गाडीला किक मारली.

औंढा नागनाथ सोडलं आणि पुन्हा फोन. मी कानातल्या ब्लूटूथवर घेतला.

"मामा, लेकराचे ओठ फुटलेत. सांजंपर्यंत टिकायचं न्हाई. मी गोष्ट सांगून राहिले."

"आत्ता? दिवसा?"

"आत्ता. तू फोन ठिवू नको."

"खुशाल सांगा. माझ्याकडं नकाशा आहे."

एका वीटभट्टीवरून गेलो. भट्टीपुढं एक निळी ताडपत्री होती. दहा मिनिटांनी पुन्हा वीटभट्टी, पुन्हा निळी ताडपत्री. मी वळण घेतलं नव्हतं. धरणाचं पाणी मघाशी उजवीकडं होतं, आता डावीकडं. तिसऱ्यांदा ताडपत्री दिसली तेव्हा मी गाडी थांबवून नकाशा पाहिला. माझा निळा ठिपका धरणाच्या मधोमध होता.

मी नकाशा बंद करून पुन्हा उघडला. ठिपका तिथंच.

कानात बाई सांगत होत्या. "दोघी बहिणी होत्या." मंजुषा हुंकार देत नव्हती. "दोघी बहिणी होत्या," बाई परत म्हणाल्या. आवाज कापत होता. इतक्या वर्षांत मी तो कापताना ऐकला नव्हता.

"हं," मी म्हणालो.

"थोरली गेली. धाकटी दार धरून राहिली."

"हं."

"समदे तिला इसरले. पण तिला एक मामा होता."

"हं."

"तो वाट चुकला."

"बाई, मी खरंच—"

"हुंकार दे, मामा!"

"हं."

"ज्याला वाट ठावी हाय त्याला पाण्याखालचं दार सापडत न्हाई. चुकलेल्यालाच सापडतं." म्हणजे बाईंनी मला मुद्दाम चुकवलं होतं. "मामा दारापशी आला. त्यानं मागं वळून बघितलं न्हाई. नुसतं म्हणला, बस."

भट्टीवर माणूस नव्हता. पक्षी नव्हता. गाडीच्या मागून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. थेंब, थेंब, आणि धुळीत उमटणारी लहान पावलं. ती मी बघितली नाहीत, ऐकली.

"बस गं, पोरी," मी म्हणालो.

मागची सीट दबली. फार नाही, दुसरीतल्या पोरीएवढी. पाठीला गार लागलं.

"आता दार सोड, मंजुषा," कानात बाई म्हणाल्या. "मामानं घेतली तिला."

मग खूप लांबून, झोपेतून उठल्यासारखं, मंजुषा म्हणाली, "हं." आणि दार आदळल्याचा आवाज आला.

पुढं वीटभट्टी दिसली नाही. पाच मिनिटांत शाळा आली. मंजुषा अक्काच्या मांडीवर तिसरा तांब्या पाणी पीत होती. मला बघून म्हणाली, "मामा, तुमी लई उशीर करता." तिची बोटं कोरडी होती.

त्या रात्री मी सिनेमा दोनदा पाहिला. दार धरल्यावर धाकटी पुन्हा कुठंच दिसत नव्हती. पण ते नंतर.

आधी धुरपताबाई गाडीपाशी आल्या. मागची सीट ओली होती. त्यांनी ती पदरानं पुसली, माझ्या मागं, माझ्या खांद्याच्याही खाली कुठंतरी बघत मान हलवली आणि चुलीकडं गेल्या. पोरं पंगतीला बसली होती. बाई ताटं मांडत, बोट दाखवत मोजत गेल्या. एकतिसावं मंजुषापुढं ठेवलं. मग तिच्या शेजारी जागा सोडून आणखी एक ठेवलं.

"बत्तीस," बाई म्हणाल्या आणि पातेल्याचं झाकण काढलं.