केवळामामींची खुर्ची

मे महिन्यातला दुसरा रविवार. सकाळपासून कोरडं ऊन. दुपारून माकणीच्या बाजूनं थोडे ढग आले आणि तसेच निघून गेले. आज आमच्या लोहाऱ्यातल्या सिनेमा म्युझियमचं उद्घाटन झालं.

किस्से साठायला फार माणसं लागत नाहीत, एक कमिटी पुरते. बाजारातली निजामाच्या वेळची कापसाची आडत, दगडी, उंच छताची, कित्येक वर्षं बंद पडलेली. मालकांनी ती गावाला दिली आणि तिथं सिनेमाचं म्युझियम करायचं ठरलं. अध्यक्ष गोरे सर, निवृत्त हेडमास्तर. चिटणीस मी. माझं हार्डवेअरचं दुकान, शिक्षण दहावीपर्यंत; पण अक्षर बरं आणि रोजनिशी लिहायची सवय, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. हे किस्से मी हसण्यासारखे म्हणूनच लिहून ठेवले होते. आज मागची पानं चाळली, तर हसू काही येईना.

*

पुण्याचे आर्किटेक्ट पहिल्यांदा आले तेव्हा आडतीच्या दगडी भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "हीच तुमची खरी श्रीमंती. काही झालं तरी हा दगड दिसला पाहिजे."

आम्हाला एवढंच कळलं की साहेबांना भिंत आवडली. पुढच्या खेपेला त्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही बालाजी पेंटरला बोलावलं आणि आतून-बाहेरून क्रीम कलरचा ऑइल पेंट मारून घेतला. दोन हात.

साहेब आले, दारातच थांबले. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर हळूच विचारलं, "दगड कुठाय?"

बालाजी पुढं झाला. "आतच हाय की साहेब. आता त्येला काय होत न्हाय."

*

मग वस्तू गोळा करायची मोहीम निघाली. सरांनी जीपवर भोंगा लावून स्वतः आवाहन केलं. "आपल्या घरात पडून असलेली सिनेमाची, टीव्हीची जुनी यंत्रं आम्हाला द्या. आम्ही त्यांना नवं जीवन देऊ."

माकणीचे एक शेतकरी पोत्यात बांधून ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेऊन आले. आम्ही त्यांना शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. पंधरवड्यानं ते परत आले आणि म्युझियमच्या पायरीवर पोतं अंथरून बसले.

"झाला का?"

"काय व्हायचंय?" सरांनी विचारलं.

"टीव्ही. नवा करून देतो म्हणला होता की भोंग्यावर. पोरगी माहेराला आलीय, तवा म्हणलं आज घिऊनच जावं."

टीव्हीला आम्ही आधीच फळीवर स्क्रूनं पक्कं केलं होतं. सर म्हणाले, "शाल राहू द्या तुमच्याकडं." माणूस रिकामं पोतं झटकून उठला.

*

पण म्युझियमचा जीव म्हणजे प्रोजेक्टर, आणि तो होता शंकरमामांकडं. मामा तंबू टॉकीजचे ऑपरेटर. बाजाराच्या गावी तंबू ठोकायचा, खेळ लावायचा, पुढच्या गावाला जायचं, असं अर्धं आयुष्य गेलं. तंबू गेला, तरी मशीन त्यांनी घरात वाकळ पांघरून ठेवलं होतं.

मी आणि सर मागायला गेलो. केवळामामींनी चहा दिला. सरांनी कप घेतला, पण नजर मशीनवरच.

मामा म्हणाले, "मशीन न्या. पर एक अट हाय. पहिल्या दिवशी एक रील म्या लावणार, आन् ही मधल्या खुर्चीवर बसून बगणार."

"त्यात काय एवढं?" सर म्हणाले.

"हिनं आजवर सिनेमा बघितला न्हाय सर."

मला पटेना. मामी तर जन्मभर तंबूबरोबर फिरलेल्या.

चुलीपाशी बसलेल्या मामींनीच उलगडा केला. "बायांच्या दारावर तिकिटं फाडायला मीच असायची की. दार सोडलं तर फुकटे घुसायचे. आवाज समदे वळखते मी, तोंड एकाचंबी न्हाय."

सरांनी तिथल्या तिथं शब्द दिला.

*

मशीन आलं आणि महिनाभर कोपऱ्यात पडून राहिलं. एका सकाळी जाऊन पाहतो तर ते चंदेरी झालेलं. बालाजीनं खिडक्यांच्या गजांच्या उरलेल्या रंगात उरकून टाकलं होतं. चाकं, दांडे, झाकण, आणि भिंगसुद्धा.

"अरे, भिंगाला कशाला?" मी म्हणालो.

"तेवढंच सोडलं असतं तर उघडं दिसलं असतं."

मामा आले. बराच वेळ मशीनभोवती फिरले. सर म्हणाले, "चमकतंय मात्र छान, नाही का?"

"सर, तुमच्या चष्म्याला कुणी रंग दिला तर तोबी चमकंल."

मग मामा रोज रॉकेलचा बोळा घेऊन यायचे आणि चाकांचा एकेक दात पुसत बसायचे. बालाजी शेजारी उभा राहून सांगायचा, "मामा, फिनिशिंग जातंय बगा." भिंग साफ झालं तेव्हा मामांच्या बोटांची कातडी निघाली होती. आम्ही त्याचाही फोटो काढला. म्युझियमच्या पत्रकावर छापला.

*

उद्घाटन जवळ आलं तशा खुर्च्या कमी पडायला लागल्या. पाहुणे, पाहुण्यांचे पीए, देणगीदार, त्यांचे जावई. दर मीटिंगला मामींची खुर्ची एक रांग मागं सरकायची. मधल्या रांगेतून शेवटच्या रांगेत, तिथून दाराजवळ. ठराव मी लिहीत होतो. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. हात वर करून बोलावं असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा पेनाला टोपण लावलं.

मामांना सांगायचं काम माझ्याकडंच आलं. ते शांतपणे म्हणाले, "दाराजवळ म्हंजी आत का भायेर?"

सर मागून हसले. "अहो मामा, आतच."

*

आज हॉलमध्ये नवं कार्पेट होतं म्हणून चपला बाहेर काढायला लावल्या. मी सकाळपासून आत माईकपाशी होतो. खेळाची वेळ झाली तसा मामांनी मशीनमागून विचारलं, "केवळा आली का?"

दाराजवळच्या खुर्चीवर पाहुण्यांचा ड्रायव्हर बसला होता.

सर नुकतेच बाहेरून आले होते. त्यांनी हात वर केला. "आलेत सगळे. करा सुरू." मग माझ्या कानात म्हणाले, "कुत्री चपला पळवायला लागली होती. दारात एक म्हातारी होती, चांगली नवं इरकल नेसलेली. तिला म्हणलं, मावशी, जरा चपलांकडं बघा. बसली बिचारी."

अंधार व्हावा म्हणून दार लावून घेतलं. मशीन घरघरलं, पडद्यावर गाणं सुरू झालं.

संपल्यावर दार उघडलं. केवळामामी पायरीवर बसल्या होत्या. समोर चपलांचे जोड रांगेनं लावलेले. पाहुणे गेले, सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मामा शेवटी बाहेर आले आणि तिथंच थांबले.

मामींनी शेजारचा एक जोड उचलून त्यांच्या पायाशी ठेवला. "तुमची येगळी ठिवली होती. आन् गाणं त्येच व्हतं की, तंबूतलं."

रील पूर्ण चाललं, कुठंही तुटलं नाही. चपलांचा एकही जोड हरवला नाही.