बाबांची होमरनची वही

माझ्या बाबांनी कधी खोट्या मापावर सही केली होती का?

मला माहीत नाही. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं, तरी नाही.

बाबा आखातात फुजैराच्या बंदरात गेजर, म्हणजे तेल मोजणारे, होते. मोठ्या जहाजांना तेल द्यायला बार्ज यायची. तिच्या टाकीत स्टीलची टेप सोडायची, तेल किती ते वाचायचं, वहीत लिहायचं, सही करायची. शिक्षण आठवी, गाव गुहागरजवळ.

या धंद्यात सगळे सगळ्यांवर संशय घेतात. काही बार्जवाले तेलात हवा सोडत. तेल फेसाळून फुगायचं आणि माप जास्त दिसायचं. बाबा टाकीच्या झाकणाशी उकिडवे बसून राहायचे.

"यल्ला, सही करो," बार्जवाला घाई करायचा.

"फेस बैठने दो. फिर नापेगा."

घरीही तेच. आईने चहा दिला की वरचा फेस बसेपर्यंत कप अर्धाच आहे म्हणायचे.

असा माणूस बेसबॉलच्या नादी लागला.

१९९८ साली. टर्मिनलवर वॉल्टर नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. त्यांचा भाऊ तिकडून मॅचच्या व्हिडिओ कॅसेट पाठवायचा. शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये त्या लागायच्या. मी सोळा वर्षांची, बाबांबरोबर जायचे.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "ह्यात सगळेच फुलटॉस. सिक्सर मारायला काय जातं?"

वॉल्टर साहेबांना मी ते भाषांतर करून सांगितलं. पुढे दर शुक्रवारी ते बाबांना विचारायचे, "सो, माय फ्रेंड, फुलटॉस?"

त्या वर्षी दोन फलंदाज होमरनचा, म्हणजे तिथल्या सिक्सरचा, जुना विक्रम मोडायच्या मागे होते. त्यातला एक आमचा लाडका. बाबांनी कामाच्या वहीत मागच्या बाजूने त्याच्या नोंदी सुरू केल्या. तारीख, अंतर, शेरा.

शेऱ्याचा रकाना रिकामा.

कॅन्टीनचा फिलिपिनो कुक म्हणायचा, "त्याचा जुना फोटो बघा. हा तोच माणूस आहे?"

वॉल्टर साहेब चिडायचे. खेळाडूंच्या संपानंतर लोकांनी बेसबॉल सोडून दिला होता, यानेच त्यांना परत आणलं, म्हणायचे.

मी वॉल्टर साहेबांच्या बाजूने. विक्रम मोडला तेव्हा मी खुर्चीवर उभी होते. बाबांनी आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग मी कोल्हापूरला बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली पहिली पदवी. तोवर तो विक्रमही तिसऱ्याच कुणी मोडला होता, आणि बातम्या यायला लागल्या.

स्टिरॉइड्स.

सायबर कॅफेत बसून मी तिथल्या चाहत्यांची भांडणं वाचायचे. कोणी म्हणे, विक्रम पुसून टाका. कोणी म्हणे, नावापुढे शंकेची चांदणी (*) काढा, वाचणारा समजून घेईल. कोणी म्हणे, बॉल टाकणारेही तेच घेत होते, मग फिट्टंफाट.

मला या शेवटच्यांचा सगळ्यात राग यायचा.

सुट्टीत फुजैराला घरी आले ती बातमीची प्रिंटआउट घेऊनच. जेवताना बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"बाबा, ती वही फाडून टाका."

"का गो बाय?"

"तो चीटर होता. तेलातला फेस तुम्हाला लांबून दिसतो. हा नाही दिसला?"

"दिसला की. मान बघितलीस त्याची? रेड्यासारखी."

"मग शेऱ्यात लिहिलं का नाहीत?"

"बॉल भिंतीपार गेला, तो मी मोजला. अंगात काय होतं ते मोजायची टेप माझ्याकडे कुठे आहे?"

मी बावीस वर्षांची होते. मी विचारलं, "कामावरही असंच करता? दिसतं, तरी सही करता?"



बाबांनी ताटातला भात संपवला. "खलास," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

तो विषय पुन्हा निघाला नाही. मी माफी मागितली नाही, कारण मला उत्तर हवं होतं. वर्षभरात बाबा गेले. सकाळच्या पाळीत, बार्जवरच.

त्यांच्या कामावरच्या कपाटातली ती वही वॉल्टर साहेबांनी आणून दिली.

मी ती आधी पुढून वाचली. कबूल करते, चोर शोधावा तशी वाचली.

चार ठिकाणी लिहिलंय: "फेस. पाऊण तास थांबलो. पुन्हा माप."

एका ठिकाणी: "सही फक्त मापापुरती." ही त्यांच्या कामातली रीत. तेलात काही मिसळल्याची शंका आहे पण पुरावा नाही, तेव्हा असं लिहून सही करतात. इतकं तेल आलं हे खरं, आत काय आहे त्याची हमी माझी नाही.

बाकी पानोपानी शेरा रिकामा.

म्हणजे त्या त्या दिवशी तेल चोख होतं? की बार्जवाला घाई करत होता, ऊन पन्नासला टेकलं होतं, आणि बाबा दमले होते?

त्याच सह्यांवर मी शिकले. म्हणून विचारायचं सोडताही येत नाही.

गेल्या आठवड्यात वॉल्टर साहेबांचा फोन आला. होमरनच्या पानांची झेरॉक्स त्यांना कॅन्टीनच्या भिंतीवर लावायची आहे. "जशी आहेत तशी पाठव," म्हणाले. "चांदणी वगैरे नको. तुझ्या वडिलांनी नाही काढली."

चांदणी मी काढली नाही. पानंही फाडली नाहीत.

होमरनच्या शेवटच्या पानावर, त्या दोन रेघांच्या शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात मी पेनाने लिहिलं: सही फक्त मापापुरती. खाली माझं नाव. मग झेरॉक्स काढली आणि काल पाकीट पोस्टात टाकलं.

पुढच्या बाजूच्या पानांवर मी काही लिहिलेलं नाही. ती मापं तुमची, बाबा.

येते, बाबा. एक वर्ष थांबले, पुन्हा मोजलं, आणि सही केली.