बाजूने टोचलेलं टायर

मी तोंडाने फटकळ. कुणाचं कौतुक माझ्या घशातून सहजासहजी उतरत नाही. पण पंक्चरवाल्या काकांचे उपकार मी चारचौघांत सांगते, आणि सांगत राहणार.

मी नववीत होते. आमचा पाच मुलींचा कंपू पाण्याच्या टाकीमागे बसून पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगायचा. म्होरकीला आम्ही महाराणी म्हणायचो. एक दिवस ती मला म्हणाली, "आज तू आण. नाही आणलंस तर उद्यापासून येऊ नकोस." तिच्याशिवाय मला होतं कोण?

काका नुसतं सोल्युशन कुणालाच विकत नसत. "सायकल आण, चिकटवून देतो," एवढंच म्हणत. मग काय, मी दीडशहाणी! सायकलच्या टायरला टाचणी टोचली आणि ती ढकलत दुकानात गेले. काकांचं लक्ष नसताना सोल्युशनची नळी लांबवायची, असा बेत.

काकांचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते स्टुलावर बसूनच काम करत. त्यांनी टायरवरून बोट फिरवलं. "बाई गं, रस्ता खालून टोचतो. हे बाजूने कुणी टोचलं?"

मला रडूच फुटलं. सगळं भडाभडा सांगून टाकलं. "बाबांना सांगणार?"

"ते तुला घरात कोंडतील. मैत्रिणी गेल्या, वर घरही अंगावर आलं, तर तू बसायचं कुठे?" त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे सरकवलं. "शाळा सुटली की इथे ये. ट्यूब पाण्यात धर, बुडबुडे शोध."

कंपूने मला वाळीत टाकलं. महाराणी रोज समोरून जायची, ढुंकूनही बघायची नाही. मी मात्र रोज तिची वाट बघायचे.

महिन्याभराने ती सायकल ढकलत आली. "पंक्चर आहे," म्हणाली. मी टायर फिरवलं. भोक बाजूला.

"सोल्युशन मिळणार नाही हं," मी फटकन म्हटलं.

"नकोय गं मला," ती पुटपुटली. "तू इथे बसतेस ना, म्हणून आले."

काका उठले, स्टूल तिच्याकडे ढकललं आणि चहा सांगायला गेले.

आज ती माझी वहिनी आहे, आणि माझ्याशी भांडायला एका पायावर तयार असते. दुकानात स्टुलं दोनच होती. त्यानंतर दोन वर्षं काका त्या दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवे बसून पंक्चर काढत होते. आम्हा दोघींना तेव्हा ते दिसलंसुद्धा नाही.