वावरात जाताना लावलेलं कुलूप

तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात दिवसा दाराला कुलूप लावायची पद्धत नव्हती. वावरात जाताना कडी लावायची आणि कडीत तुरीची एक काडी अडकवायची. काडी म्हणजे घरचे वावरात आहेत, संध्याकाळी येतील. कुलूप म्हणजे घरचे परगावी गेले. आणि परगावी जायचं तर शेजारी सांगून जायचं, हे ओघानंच आलं. काडीनं चोर अडतो असं कुणाचं म्हणणं नव्हतं. मांजर मात्र अडायचं.

हे सगळं माहीत असूनही, वीस वर्षं जालन्यात काढल्यावर मी गावातल्या घराला लोखंडी दार बसवलं आणि एक भारी कुलूप आणलं. दुकानदारानं त्याचे गुण सत्कारमूर्तीचा परिचय करून द्यावा तसे सांगितले. घरात चोरण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे हे कुलूप.

मागच्या दिवाळीनंतर आईला पंधरा दिवस गावी नेलं. जालन्याच्या फ्लॅटमध्ये फोन केल्याशिवाय कुणी येत नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. गावात गल्ली आहे, आणि शेजारच्या काकू आहेत. त्यांच्याबरोबर तिनं उभा जन्म कापूस वेचला. आपण अजून या गल्लीतल्या आहोत, एवढंच तिला बघायचं होतं.

पहिले दोन दिवस ओटा रिकामा नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही कापूस बघायला गेलो आणि निघताना मी सवयीनं कुलूप लावलं. दोनदा ओढूनही पाहिलं. त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. काकू समोरून गेल्या त्या मान खाली घालून. मी म्हटलं, वेचणीचे दिवस आहेत, कामं असतील. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरं कारण सुचलं होतं तेही मी बोललो नाही. ती उठून काकूंच्या दारात जाऊन बसली. मी मागोमाग गेलो.

काकू बाजरी पाखडत होत्या. बराच वेळ पाखडून झाल्यावर म्हणाल्या, "कुलूप पाह्यलं अन् म्हनलं, गेल्या बाई जालन्याला. सांगायलाबी थांबल्या न्हाईत."

"कुठं जाते मी? कापसात गेल्ते."

"वावरात जायला कुलूप?" काकूंनी सूप खाली ठेवलं. "मंग आमच्या भेवानं लावलं म्हना की."

आईचा चेहरा उतरला. कुलूप मी लावलं, शहरातली खोड आहे, असं मी कबूल केलं. साहेब झाले आता, असं काकू माझ्याकडे न बघता सुपाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वावरात निघालो, तेव्हा आईनं स्वतः काडी शोधून कडीत अडकवली. लोखंडी दारावर ती काही शोभत नव्हती. वावरात उभा होतो, पण माझा जीव दाराशी होता.

संध्याकाळी परतलो. दुपारी आभाळ आलं होतं, म्हणून अंगणात वाळत घातलेल्या शेंगा कुणीतरी आत आणून ठेवल्या होत्या. साखरेच्या डब्याचं झाकण तिरकं होतं आणि साखर चांगली वाटीभर कमी. मी डब्यात वाकून बघत होतो, तर आईनं मला बाजूला केलं.

"पाव्हणे आले असतील तिच्याकडं," ती म्हणाली, आणि पायसुद्धा न धुता, कोण पाहुणे आलेत ते बघायला गेली.