मामांनी आकड्यांत गाठलेला वाघ

एकदाही जंगलात पाऊल न टाकता देशातल्या झाडून साऱ्या राष्ट्रीय उद्यानांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे दौंडचे मामा. रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी जनावरांचं वेळापत्रक हाती घेतलं. सरकारी संकेतस्थळांवर जे जे सर्वांसाठी खुलं असेल ते सगळं ते उतरवून घेत. व्याघ्रगणनेचे अहवाल, पावसाच्या नोंदी, तलावांची पातळी, कुठल्या महिन्यात कुठल्या दरवाजानं किती पर्यटक आत गेले, काही सुटत नसे. रंगीत पेनांनी भरलेले तक्ते देवघराच्या भिंतीपर्यंत पोचले होते. माझ्या मेहुणीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा भर बैठकीत मामा म्हणाले, "तारीख मागं घ्या. त्या आठवड्यात पाणवठे आटत्यात, वाघ बाहेर पडतो." भांडगावच्या एका पाहुण्यानं विचारलं, "मामा, येवढं लांब कशाला? आमच्या उसात बिबट्या हाय की!" मामा शांतपणे म्हणाले, "त्याची सलग नोंद कुठं हाय?"

आम्ही खूप हसायचो. एकदा शिरूरहून त्यांच्याकडे गेलो असताना मी विचारलं, "मामा, एवढा अभ्यास झाला, मग जात का नाही?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जावईबापू, हिची नजर जात चाललीय. डाक्टर म्हणला, गेलेली परत यायची न्हाई. ल्हानपणापास्नं हिला वाघ बघायचाय. सारख्या खेपा हिला झेपायच्या न्हाईत. एकाच फेरीत दिसला पायजे." त्या दिवसापासून मी हसणं सोडलं आणि तक्ते भरायला बसू लागलो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं ताडोबाला गेलो. दरवाजा मामांनी निवडलेला, वार मामांचा, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून जिप्सीतली मामींची बाजूसुद्धा त्यांनीच ठरवलेली. त्यांनी सांगितलेल्या पाणवठ्यावर गाडी थांबली आणि अर्ध्या तासात बांबूतून वाघ खरोखरच आला. मागचं अंग पाण्यात बुडवून निवांत बसला. गाइड मामांकडे पाहतच राहिला. मामी म्हणाल्या, "दिसला की! केवढा मोठा!" पण त्यांचा चेहरा वाघाच्या बराच उजवीकडे होता. मामांनी त्यांची हनुवटी हलकेच डावीकडे वळवली. थोड्या वेळानं वाघ उठून गेला.

परतीच्या गाडीत मामांनी विचारलं, "खरं सांग, दिसला का?"

"न्हाई वो," मामी म्हणाल्या. "पर पाणी वाजलं, आन् तुम्ही माझा हात गच्च धरला. तवा कळलं, आला म्हणून."

मामा दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता तक्ते उतरणार.

परवा गेलो, तर भिंतीवर नवा तक्ता होता आणि मामांच्या कानाला हेडफोन. देशभरच्या लोकांनी नोंदवून ठेवलेले पक्ष्यांचे आवाज ते एकेक करून ऐकत होते, जंगलवार, महिनावार. मामी शेजारी शेंगा फोडत होत्या. मामांनी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. त्या हातातली शेंग तशीच धरून ऐकत राहिल्या.

"ह्यो ग्वाड हाय," मामी म्हणाल्या. "ह्याला ऐकायला कवा जायचं?"

मामा उठून तक्त्यावरून बोट फिरवू लागले. त्यातल्या त्यात जवळचा महिना शोधत होते.